पोत्यावर वाळणारे मोजे

१२ मार्च
बंद पडली! दाजींची व्हॅन, भर चढावर, मागे भाजीचे क्रेट. मी ढकलली. फिल्टर उघडला तर आत साबणाचा शेंबूड. दाजींनी तो बोटावर घेऊन मला दाखवला — शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
ते डिझेल मीच बनवलेलं. खाणावळीतलं तळून उरलेलं तेल, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा. खाली चिकट ग्लिसरीन बसतं, वर डिझेल. पण त्यात साबण राहतो, तो काढायचा असतो. काढणारच होतो. तेवढ्यात समोरच्यांची कुत्री व्याली. पिल्लं बघायला गेलो.

१३ मार्च
ताई वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या पायाला भिंगरी आहे, ठाऊक आहे मला. जा खुशाल. पण जायच्या आधी एक काम तडीस ने. एक!"
दाजी म्हणाले, शनिवारचा मंडईचा फेरा चुकला तर गिऱ्हाईक तुटलं. घरात तान्ही मुलगी. विकतचं डिझेल परवडत नाही.


१५ मार्च
दाजींची युक्ती — उंच पाइपात लाकडाची कोरडी सालपटं ठासायची, वरून डिझेल सोडायचं. साबण लाकडाला चिकटून राहतो.
सुतारकाकांकडे गेलो. रंध्यातून सालपट काय कुरळं होऊन निघतं! बघतच बसलो. काकांनी पोतं माझ्या डोक्यावर आदळलं. "निघतोस, की तुलाही रंधा मारू?"

१६ मार्च
थेंब. थेंब. थेंब.
बाटलीत डिझेल आणि पाणी घालून हलवलं — दूध! साबण आहेच अजून. सालपटं बदलली. वापरलेली पोत्यात कोंबून जिन्याखाली सारली. दाजी वरून ओरडले, "पोत्यात नको रे! अंगणात पसर, नाहीतर ती —" तेवढ्यात भाचीनं टाहो फोडला, दाजी आत पळाले.
उद्या पसरतो.

१७ मार्च
पुन्हा दूध. पुन्हा सालपटं. पोतं गच्च झालं.
शनिवार उद्यावर आला. ताई जाता-येता जिन्यातून बाटलीकडे बघून जाते. 
मोजे धुतले. टाकायला जागा नव्हती, पोत्यावर टाकले. चहा होईपर्यंत वाळले! जिन्याखाली ऊन नाही की वारा नाही. मजाच आहे.

संध्याकाळी —
नितळ!! खाली पाणी, वर सोनेरी डिझेल, मधे साय नाही. दाजींनी बाटली उजेडात धरली. "जमलं की रे, शहाण्या!" पाठीत अशी थाप घातली की ठसकाच लागला. उद्या जाताना मला फाट्यावर सोडतील. थैली भरली. एक काम तडीस!

१८ मार्च, सकाळ
निघतोय. ताई वर झोपलीय, भाची कुशीत. उठवलं नाही.

१८ मार्च
व्हॅन चढ चढली. एक आचका नाही! माथ्यावर पाय गारठले तेव्हा आठवलं — मोजे राहिले. दाजी हसले, "डोकं धडाला शिवलंय म्हणून, नाहीतर तेही विसरला असतास. कुठे ठेवलेस?"
"जिन्याखाली, पोत्यावर. तिथे लगेच वाळतात."
दाजींचं हसू गेलं. "कसलं पोतं?"
सांगितलं.  त्यांनी व्हॅन तिथेच वळवली.
जिन्याखालून धूर येत होता. मोजे करपून तपकिरी. पोतं ओढत अंगणात आणलं आणि वारा लागताच ते भडकलं. वर खिडकीत ताई, डोळे चोळत, कडेवर भाची. "काय रे जळतंय?"
"तेलकट सालपटं ढिगात आपोआप पेटतात," दाजी म्हणाले. "तेच सांगत होतो." मग त्यावर पाण्याची बादली उपडी केली. मी विचारलं, मंडई? "गेली तर गेली."

१९ मार्च
गेलो नाही. खालची पायरी काळी पडलीय. सुतारकाकांचा रंधा मागून आणलाय. निघतील ती सालपटं अंगणात पसरणार — आजच.