सोड्यांच्या खिचडीचा वास

आई, हल्ली शनिवार उजाडला की मला फक्त झोप हवी असते. पण लेकीने व्हिएतनामी स्वयंपाकाच्या वर्गात माझं नाव घातलं होतं, म्हणून काल हिगाशी-कसाईच्या घरून दोन गाड्या बदलून नदीकाठच्या एका जुन्या गावात गेले. पूर्वी तिथून होड्यांनी तांदूळ टोकियोला जायचा. तेव्हाच्याच एका लाकडी कोठारात एक व्हिएतनामी बाई शिकवतात. माझ्याच वयाच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांनी तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचं दूध कालवलं आणि परतलेल्या कोळंबीवर ते ओतलं. आपलं घावनच की! मग त्यांनी मासे आंबवून केलेल्या रसाची बाटली उघडली. वास सगळीकडे पसरला. कुणीतरी विचारलं, "घरचे काही म्हणत नाहीत?" बाई हसल्या. "सासूबाई बाटली अंगणात ठेवायच्या. मी रोज आत आणायचे."

माझं घावन तव्यावरच करपलं.

तू आमच्याकडे तीन महिने राहायला आली होतीस. मी ऑफिसातून परत येते आहे, लिफ्टपासूनच वास येतोय. तू ओट्याशी उभी आहेस, घरून आणलेल्या सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी ढवळते आहेस. "हातपाय धू, गरम आहे तोवर बस," म्हणतेस. आणि मी बूटही न काढता दारातूनच म्हणते, "आई, शेजारीण तक्रार करत होती. इथे हे चालत नाही." तू गॅस बंद करतेस. उरलेले सोडे पिशवीत घट्ट बांधतेस आणि विचारतेस, "हा कचरा कुठल्या वारी टाकायचा?"

दुसऱ्या दिवशी तू रव्याचे लाडू वळलेस. "चल, माफी मागून येऊ. मला त्यांची भाषा येत नाही, तू सांग." शेजारणीच्या दारात तू हात जोडून उभी राहिलीस. मी जपानीत म्हटलं, आईने तुमच्यासाठी गोड केलंय. ती बिचारी वाकून वाकून आभार मानू लागली, आज कसला सण आहे, असं विचारू लागली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, हरकत नाही."

त्यानंतर परत जाईपर्यंत तू वरणभातच केलास, तोही खिडक्या लावून. पुढच्याच वर्षी तू गेलीस.

लेकीला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हा कागद टेबलावर राहिला तरी चालेल. तरी मी तो घडी घालून ठेवणार आहे. शेजारणीने कधीच तक्रार केली नव्हती, आई. लाज मला वाटली होती.