घसा माझा, बातमी दुसऱ्याची

प्रिय धाकटे,

लिहून देणारा तुझा बाप, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा शिवणकाम, हल्ली बंद. नाव तुला ठाऊक आहे; घरात ते आता कोणी घेत नाही. पूर्ण शुद्धीवर असून व कोणीही पढवलेले नसून लिहून देतो की, येत्या सोमवारी माझ्या घशातील गाठीची शस्त्रक्रिया ठरलेली आहे आणि ती ठरवताना मला कोणीही विचारलेले नाही. गाठीपेक्षा मला संताप या न विचारण्याचा आहे.

माणसांना ही खोड कधी जडली कोण जाणे. आम्ही बाहेर जेवायला जातो, तर वाढपी मला ओलांडून तुझ्या वहिनीला विचारतो, "आजोबांना तिखट चालतं ना?" अरे, आजोबा तुझ्यासमोर बसले आहेत आणि त्यांच्या तोंडात त्यांची स्वतःची जीभ आहे! चष्म्याच्या दुकानातील मुलीने चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि तुझ्या दादाला विचारले, "त्यांना नीट दिसतंय का?" दादा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "हो, दिसतंय." मला दिसतंय हे त्याला दिसले! मी आयुष्यभर लोकांच्या अंगाला टेप लावली. बायको नवऱ्याच्या कोटाविषयी दुकानात कितीही बोलो, काखेत काचतंय का, हे मी कोट घातलेल्यालाच विचारत असे. काही नवऱ्यांना तर उत्तर द्यायची सवयच राहिलेली नसे. ते आधी बायकोकडे बघत.

म्हणून मी नियम केला. प्रश्न मला विचारलेला नसेल, तर उत्तर द्यायचे नाही. "बाबा चहा घेणार आहेत का गं?" असे कोणी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, तर मी भिंतीकडे पाहत बसतो. याचा परिणाम काय झाला? घराने ठरवले की मी बहिरा झालो! कानाचे यंत्र आणले गेले. ते घातले की पंख्याची घरघर आणि तुझ्या दादाचे पापड खाणे, एवढेच काय ते जास्त ऐकू येते. तुझी आई तेवढी फसली नाही. "अहो, चांगलं ऐकू येतं तुम्हाला. हा ताठा आहे नुसता," असे ती मला म्हणाली. मी म्हटले, असू दे.

डॉक्टरांनी माझ्या घशात नळी घातली, आत पाहिले आणि जे दिसले ते दादाला बाहेर नेऊन सांगितले. घसा माझा आणि बातमी त्याची! पण बहिऱ्यासमोर कोण जपून बोलतो? परवा जेवताना, माझ्या ताटात भाजी वाढता वाढता, तो तुझ्या वहिनीला म्हणाला, "बाबांना फक्त तपासणी आहे म्हणून सांगू. नाहीतर हट्टाला पेटतील. धाकटीला सगळं उरकल्यावर कळवू. नवी नोकरी आहे, उगाच धावत येईल." त्याची माया मी नाकारीत नाही. तथापि मायेने केला म्हणून अपमान गोड लागत नाही.

आज सकाळी तुझ्या आईला घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही आधी तिलाच विचारले, "काकांना काय होतंय?" ती फणकारली, "मला काय विचारता? बसलेत ना पुढ्यात!" मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सारे सांगितले. गाठ वाईट आहे. ती काढायची तर स्वरयंत्रही काढावे लागेल. पुढे एखाद्या यंत्राने घरघरत थोडे बोलता येईल, परंतु हा आवाज राहणार नाही. मी तुझ्या आईकडे पाहिले. तिने काही सुचवले नाही. मी होकार दिला. दादाला आज जेवताना सांगणार आहे, आणि चांगले खडसावून सांगणार आहे. तुला फोन केला असता. पण तुझी वहिनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या तोंडापुढे धरते आणि माझी वाक्ये स्वतःच पुरी करते. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवीत आहे. सगळे उरकल्यावर आलीस, तर तुला ख्यालीखुशाली मिळेल, बोलणारा बाप मिळणार नाही. तेव्हा शनिवारी ये. रजा मिळत नसेल तर भांडून घे. तुझ्यावर रागवायचे पुष्कळ राहून गेले आहे आणि ते मला तोंडाने रागवायचे आहे.

तुझाच,
बाबा

समक्ष हजर: डॉक्टर, होकार देताना. तुझी आई, होकार देताना व हे लिहिताना.