देणाऱ्याचं नाव: हे

तीर्थस्वरूप सुहासिनीवन्सं यांना विनताचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तेल चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? इकडे अधारतालला मी ठीक आहे. घर मोठं वाटतं, पण सवय होऊन राहिली आहे.

पत्राचं कारण अभिमानाचं आहे. ह्यांची सगळी पुस्तकं मदन महलच्या आपल्या मराठी मंडळाला दिली, आणि त्या पुस्तकांची वेबसाइट मी स्वतः केली, पायथन नावाच्या कम्प्युटरच्या भाषेतल्या जँगोवर. (सापाचा संबंध नाही, घाबरू नका.) वाचून वाचूनच शिकले. आधी 'पुस्तक' नावाचा साचा करायचा: शीर्षक, लेखक, देणाऱ्याचं नाव. मग साच्यातून मोदक काढावा तसं एकेक पुस्तक काढायचं. पहिल्यांदा दुपारभर काढली, कम्प्युटरवरची खिडकी बंद केली, पुन्हा उघडून पाहते तर एकही नाही! तयार करणं वेगळं आणि सेव करणं वेगळं, हे तेव्हा कळलं. शेजारच्या चौबेदीदींना सांगितलं, "सेव रह गई," तर त्या बिचाऱ्या बेसन घेऊन आल्या. (वाया घालवलं नाही.) पुढे 'क्रिएट' सापडलं. ते दोन्ही कामं एकदम करतं.

देणारे एकच, म्हणून ते नाव साच्यातच भरून ठेवलं. सगळी पुस्तकं चढल्यावर मंडळाचे सचिव मुरलीधरराव पाहायला आले.

"काहून जी वहिनी, हे 'हे' कोण?"

"हे म्हणजे हे."

"अच्छा! म्हणजे रविवारी उद्घाटनाला माइकवर मीपण 'हे' म्हणू? लोक विचारतील, तुमचे कोण लागतात! चलो, कम्प्युटरपुढे एक उखाणा घ्या."

लग्नात घेतला तेवढाच. पुढे गरज पडली नाही, हाक मारायच्या आत समोर असायचे.

आता साचा बदलला तरी आधी सेव झालेली पुस्तकं बदलत नाहीत (मुरलीधररावांना हे ठाऊक नव्हतं), त्याला वेगळी ओळ लागते. ती मी बिनचूक लिहिली आहे. फक्त नावाच्या जागी हात थांबतो. आणि रविवारपर्यंत ते लिहिलं नाही, तर ह्यांच्याच पुस्तकांवर ह्यांचं नाव राहणार नाही.

बाकी मला सगळं येतं. कोणाची मदत नको.

आपली,
विनता

ता. क. मदत हवी आहे. ह्यांना नावाने हाक मारणारं तुमच्याशिवाय आता कोणी उरलं नाही. शनिवारी फोन करा आणि लहानपणी मारायचात तशी, आडनावासकट, हाक मारा. मी ऐकेन ते टाइप करीन. म्हणजे नाव तुम्ही घेतलंत, मी नुसतं लिहून घेतलं.

पुन्हा ता. क. हाक जरा हळू मारा. मोठ्याने मारलीत, तर सवयीने मी म्हणेन, "थांबा हं, ह्यांना बोलावते."