कडेचा आकडा

बाबा, मी पांढुर्ण्याच्या घरी आले आहे. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे, तुम्ही मुकादम होतात ती कापसाची जिनिंग बंद पडून तिथं गाड्यांचं शोरूम उभं राहिलं आहे, आणि स्वयंपाकघरात तुम्ही पाट टाकून बसायचात ती जागा फ्रिजनं घेतली आहे. पण हे सांगायला मी बसलेली नाही. जे सांगायचं आहे त्याच्याआधी तुमचा एक दिवस लिहिते, कारण सध्या तो सारखा आठवतो.

मी सौंसरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन जिनिंगच्या आवारात आले. सगळीकडे कापसाच्या गंज्या लागलेल्या. ओला माल आला की गंजी आतून तापते, वरून पांढरी आणि गार दिसत असतानाच पोटात धुमसत राहते. म्हणून तुम्ही प्रत्येक गंजीत लांब लोखंडी सळई खुपसून ठेवायचात, आणि थोड्या वेळानं ओढून तिच्यावर तळहात ठेवायचात. त्या दिवशी एक सळई तुम्हाला कोमट लागली. मालकांनी हात लावून पाहिला, त्यांना गार वाटली. तरी तुम्ही गंजी फोडायला लावलीत. दुपारभर मजूर कापूस उपसत होते आणि तुम्हाला ऐकवत होते, "मुकादम, चाहाचा कप धरून आले असान तुमी!" दुसरा म्हणाला, "ताप सळईले नाई, बुढ्याले आला हाये!" तळापर्यंत काहीच निघालं नाही. गार, कोरडा कापूस. मला मान वर करवेना. तुम्ही नळावर हात धुतले, डबा उघडला आणि म्हणालात, "बरं झालं, नाई निघालं."

"बाबा, लोक हसून राहिले."

"हसू दे ना. म्या पाह्यलं. आता मले झोप लागते."

पुढं मी विद्यापीठात संशोधनाला लागले. पहिल्या वर्षी घरी आले तेव्हा तुम्ही पोळी मोडत विचारलंत, "का करून राहिली वं तू तिथं?" मी सांगितलं, सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी इथं करता येईल का, याचं गणित मांडतो आम्ही. "अजून एक सूर्य? मे महिन्यात पांढुर्ण्यात येऊन पाह्य मना त्याइले. हाये तोच पुरे." आई हसली. मग मी नीट समजावलं. मेदुवड्याच्या आकाराचं पोकळ भांडं असतं, त्यात सूर्याच्या पोटापेक्षाही तापवलेला वायू, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि तो भिंतीला लागू नये म्हणून चुंबकानं अधांतरी धरलेला. तो कडेला राहून राहून उसळतो आणि भिंत खातो. आमच्याकडे असं भांडं नाही. आमच्या सात जणांच्या गटाकडे फक्त संगणक आहेत, आणि प्लाझ्मा कसा वागेल हे सांगणारं एक गणित, ज्याचा कडेचा भाग मी लिहिला.

ते गणित सुरुवातीला चालता चालता फुटायचं. आकडे भरमसाट वाढून सगळं बंद पडायचं. म्हणून मी कडेच्या पट्टीत एक आकडा घातला, तिथली हालचाल दाबणारा. शेजारी लिहिलं, तात्पुरतं, नंतर काढणे. गणित चालू लागलं आणि त्यातून शांत कडेचं चित्र आलं. त्या चित्राचा रंगीत कागद मी तुम्हाला आणून दिला. तुम्ही तो जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत लावलात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलात, "माह्या पोरीनं काढलं." ज्या माणसानं परक्याच्या कापसावर कधी विश्वास ठेवला नाही, त्यानं माझ्या कागदाला एक प्रश्न विचारला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आकडा राहिला. मी विसरले होते, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. पहिली दोन वर्षं मला आठवत होतं. मग निकाल चांगले येत गेले, लेख छापले गेले, मला कायम नोकरी मिळाली, आणि आठवण्याची गरज वाटेनाशी झाली. नंतर आलेल्यांना ते गणित तयारच मिळालं. अकरा दिवसांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी जुनी फाइल उघडली, तेव्हा माझीच ओळ समोर आली. आता आमचे संगणक मोठे आहेत, गणित त्या आधाराशिवायही तगतं. मी आकडा अर्धा करून चालवून पाहिलं. कड उसळली. आणखी कमी केला, आणखी उसळली. ती शांतता माझ्या आकड्याची होती, प्लाझ्माची नव्हे.

ती विद्यार्थिनी रामाकोन्याची. वडील लोधीखेड्याला नगर पंचायतीत शिपाई. घरात पहिली डॉक्टरेट. तिची पाच वर्षं त्या शांत कडेवर उभी आहेत. या अकरा दिवसांत तिनं तीनदा विचारलं, "मॅडम, बायंडिंगले टाकू का? बाबा रोज विचारून राहिले." तिन्ही वेळा मी म्हटलं, दोन दिवस थांब. पुन्हा तपासते आहे, असं स्वतःला सांगत होते. तपासणं दुसऱ्याच दिवशी संपलं होतं.

आज दुपारी इथूनच, ओट्याशी उभी राहून तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माह्यं कामच खोटं?"

मी पद्धत, मर्यादा, पुनर्मांडणी असं काहीतरी बोलू लागले.

"मॅडम, सोपं सांगा ना."

"निष्कर्ष खोटा आहे. आकडा माझा आहे, तुझा नाही. तसं मी विभागप्रमुखांना लिहून देते. तुला मुदत वाढवून मागते."

"सौंसरच्या शाळेतली नोकरी मी सोमवारी नाई म्हणून कळवली, मॅडम. म्हटलं, आता प्रबंध होऊनच राहिला." मग तिनं विचारलं, "तुमाले कधी समजलं?"

बाबा, सोमवारी मला माहीत होऊन आठवडा उलटला होता. मी म्हटलं, "आज सकाळी."

ती रडत होती, तरी तिनं माझीच समजूत घातली. "तुमी लगेच सांगतलं तरी. दुसरं कोनी दाबून ठेवलं असतं."

विभागप्रमुखांना पत्र पाठवलं. आकडा कोणता, कोणत्या फाइलमध्ये, कुणी घातला, कोणकोणते लेख मागे घ्यावे लागतील, सगळं लिहिलं. चूक कधी लक्षात आली, तिथं मात्र आजची तारीख घातली, कारण तिला तीच सांगितली आहे. खरी फक्त या कागदावर आहे, आणि हा कागद मी कुणालाच दाखवणार नाही.