खडकाला बांधलेला दोर

चि. बेरिन,

गलबत विकायच्या कागदावर सही करण्याआधी तुझी एक सफर डोळ्यांनी पाहावी, म्हणून मी यंदा स्वयंपाकीण होऊन चढले. तुझे बाबा गेल्यावर तू सुकाणू धरलंस, ते मला पटलं नव्हतं.

काल गोजेक बंदरापुढच्या खाडीत नांगर टाकून मागचा दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधून झाला होता. पैसे भरून सफरीला आलेले आठही पाहुणे पोहत होते, मी वांगी तळत होते. तू आभाळाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "दोर सोडा. दक्षिणेचा वारा येतोय."

पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. मीही सर्वांदेखत टोमणा मारला, "तुझे बाबा इथंच मुक्काम करायचे, कप्तानबाई."

"आणि दोनदा खडकावर आपटले, आई. गॅस बंद कर, तेल सांडेल."

मी गॅस बंद केला, आणि तू गलबत पलीकडच्या आडोशाच्या खाडीत नेलंस.

आज सकाळी रेडिओवर कळलं, त्या खाडीत तीन गलबतं एकमेकांवर आदळली. आपल्याकडे चहाचा पेलासुद्धा कलंडला नव्हता. तरी 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं तू कुणालाच ऐकवलं नाहीस. मला ते जमलं नसतं.

कागद मी फाडला. हे पत्र मात्र पिठाच्या डब्याखालीच राहील. माझ्याकडून तू उद्या एवढंच ऐकशील, की दोर नीट गुंडाळ.

तुझी आई,
निहाल