तिसऱ्या मजल्यावरची फट

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

जागा मिळाली! तिसरा मजला, खिडकी कालव्याकडे! शलाका ओरडतच जिना उतरली — "बाबा, आईला एक नोव्हेंबरला हलवायचं!" मी चष्मा शोधत राहिलो. तो नाकावरच होता.

दोन वर्षं माझी बायको कुमुदिनी हार्लेमला आणि मी इथे हॉलंडमधल्याच कापेलला, लेकीच्या घरी. विसर पडणाऱ्या माणसांसाठी जी घरं असतात, त्यांतल्या ज्या घरात जागा निघाली तिथे तिला ठेवावं लागलं. दर रविवारी गाडी, लाइडनला बदल, मग बस. आता हे नवं नर्सिंग होम आमच्या दारापासून चालत! रोज जाईन. सकाळी एक कविता, संध्याकाळी एक.

आमचा खेळ अजून चालतो. मी शाळेतल्या कवितेची ओळ चालीवर म्हणायची, शेवटचा शब्द तिनं घालायचा. माझं नाव तिला रोज सापडत नाही. कवितेतला शब्द सापडतो. या उन्हाळ्यापासून तोही कमी. म्हणून तर घाई.

आणि गंमत अशी, की या इमारतीचं काम आमच्याच जेवणाच्या टेबलावर! शलाकाचा व्यवसायच तो — छोट्या पोटकंत्राटदारांना सुरक्षेचे नियम समजावायचे, त्यांची माणसं परीक्षेला बसवायची, केलेल्या कामाचे पुरावे इन्स्पेक्टरपुढे मांडायचे. मी पडलो पीडब्ल्यूडीतला जुना ड्राफ्ट्समन. फोटो मजल्यांप्रमाणे लावायचं काम माझं. प्लंबिंग आपल्या विनयकडे. मूळचा इचलकरंजीचा. बायकोच्या नोकरीपाठोपाठ इथे आला, घरी बसून कंटाळला, नळकाम शिकला. आता हाताखाली दोन पोलिश माणसं!

बुधवार, ८ ऑक्टोबर

विनय जेवायला होता. बातमी ऐकून माझ्या पाया पडला. "काकूंच्या खोलीचा नळ मी स्वतः बसवलाय हो!" शलाकाला चिडवत होता — "ताई, तुमचं सगळं प्रेझेंटेशन विसरलो. काकांच्या दोन ओळी तेवढ्या लक्षात."

त्या ओळी अशा —

नळी शिरे भिंतीतून, भोवती राही फट,
कॉलर आधी, फोटो मग, नको रे झटपट!

काव्य म्हणून सुमार. पण काम करतात! प्लॅस्टिकचा पाइप आगीत वितळतो, भिंतीला भोक पडतं, धूर पलीकडे. म्हणून पाइपाभोवती कॉलर घालायची. ती तापली की फुगते, भोक बुजतं, भिंत तासभर तग धरते. फोटो काढायचा आणि मगच जिप्समच्या पाट्या लावून भिंत बंद करायची. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सुरक्षेवर बोलायचं असतं, तेव्हा विनय हे मोठ्यानं म्हणतो. पोलिश माणसंसुद्धा म्हणे ओरडतात — "नको रे झटपट!"

रविवार, १२ ऑक्टोबर

 जे घडलं ते लगेच लिहून ठेवतो.

हार्लेमला टॅबलेट घेऊन गेलो. तिला नवं घर दाखवायचं होतं. माझ्याकडे होते ते पाइपांचेच फोटो. तेच दाखवले, वेड्यासारखे. हा पहिला मजला, हा दुसरा, हा तुझा तिसरा, हा चौथा. तिनं टॅबलेट माझ्या हातातून घेतला. चेहरा एकदम शाळेतला झाला! जन्मभर चौथीच्या वह्या तपासलेली बाई.

"उभं करा यांना," म्हणाली. "चौघांनी एकाचंच बघून लिहिलंय."

मी हसलो. तिनं बोट ठेवलं. पाइपाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेला श्री. नवं काम सुरू करताना पहिल्या पाइपाशेजारी श्री लिहायचा, ही विनयची सवय. मीच त्या सवयीचं कौतुक केलेलं. पण चारही फोटोंत तोच श्री. वेलांटी वर जाते आणि प्लॅस्टरच्या टवक्यात अडकते. चारही ठिकाणी त्याच टवक्यात. एक फोटो जरा फिरवलेला, एक काळसर केलेला, एक कडेनं कापलेला.

मी लावले होते ते फोटो. मी, जन्मभर रेघांवर डोळे फोडलेला माणूस! मला दिसलं नाही. मला कालव्याकडची खिडकी दिसत होती.

इन्स्पेक्टर बाईंनी कधीच मान्य केलेत. त्यांना ती पेन्सिलीची रेघोटी वाटली असणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर

विनयला फोन.

"काका, मी प्रत्येक मजल्यावर लिहितो श्री."

"आणि वेलांटी प्रत्येक मजल्यावर एकाच टवक्यात अडकते?"

मागचं ड्रिल बंद झालं. मग म्हणाला, "कॉलर आल्या नव्हत्या. पाटीवाले ठरल्याच्या आधीच येऊन उभे. सुपरवायझर म्हणाला, आज भिंत बंद झालीच पाहिजे. नंतर मागच्या बाजूनं घातल्या, काका. आईशप्पथ! फोटो तेवढे राहिले."

मागच्या बाजूला अरुंद बोळ आहे, नकाशात दाखवलेला. माणूस आडवा होऊन शिरू शकतो. शिरू शकेल. का नाही शिरणार? घातल्या असतील.

बुधवार, १५ ऑक्टोबर

शलाकाला सांगितलं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज चालत इमारतीपर्यंत गेलो. खिडक्यांच्या काचा पुसून झाल्यात. तिसऱ्या मजल्यावरची तिची खिडकी मोजून काढली. तिथे तिला बसवीन, कालव्यातली बदकं दाखवीन, जुनी चाल धरीन... असं मनात चाललेलं, आणि त्याच खिडकीतून मला धूर दिसला. नव्हता. पण दिसला.

तिला पळता येत नाही. दार उघडता येत नाही. आग लागली हे पाच मिनिटांत विसरेल ती! त्या मजल्यावरचे सगळे तसेच.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज एकही शब्द आला नाही. चाल धरली, ओळ म्हटली, थांबलो. तीही थांबली. मग अतिशय अदबीनं — "आपण कोणाचे पालक?"

नाही सांगणार मी कुणाला. येऊ दे तिला. विनयनं आईची शपथ घेतलीय. बस.

सोमवार, २० ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. शलाकानं पणत्या लावल्या — बॅटरीच्या. खऱ्या लावल्या की छतावरचा अलार्म बोंबलतो.

विनय फराळाचा डबा घेऊन आला. शलाका आत गेल्यावर माझ्याजवळ सरकला. "काका, भिंती फोडल्या तर काकूंची जागा लांबेल हो. ताईंचं नाव जाईल. माझं तर विचारूच नका." मग हळूच, "अख्ख्या साइटवर तुम्ही सोडून कुणाला तो श्री वाचता येत नाही."

चकली तोंडात फिरत राहिली. कॉलर खरंच घातल्या असत्या, तर हे वाक्य त्याला बोलावं लागलं असतं?

देवा, मला का वाचता येतं!

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सांगितलं.

शलाका भांडी घासत होती. पाणी तसंच वाहू दिलं तिनं. "बाबा, आईची जागा..." "माहीत आहे." "इन्स्पेक्टर माझ्यावर विश्वास ठेवून बघते. माझं काय?" "माहीत आहे गं." "मग दहा दिवस गप्प का बसलात?"

मी नळ बंद केला. तिनं हात पुसले, इन्स्पेक्टरला फोन लावला. डचमध्ये बोलली, शांत, एकेक शब्द सुटा. फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवला. झटकला नाही, एवढंच.

बुधवार, २९ ऑक्टोबर

भिंत उघडली. मीही गेलो, हेल्मेट घालून. उधारीचे बूट पायात खुळखुळत होते.

तिसऱ्या मजल्यावरची पाटी काढली. पाइप. भोवती फट. इन्स्पेक्टर बाईंनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. पलीकडून गार वारा येत होता. कॉलर नाही. दुसऱ्यावर नाही. चौथ्यावर नाही. पहिल्या मजल्यावर मात्र सगळं चोख — कॉलर, आणि शेजारी तो श्री.

बाईंनी विचारलं, हे चिन्ह कसलं? शलाकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शुभारंभाचं."

विनय जाताना थांबला. "झालं समाधान, काका?"

नाही रे बाबा. कसलं समाधान!

शनिवार, १ नोव्हेंबर

आज ती यायची होती. पाऊस. तिच्यासाठी घेतलेल्या आरामखुर्चीवर शलाकाची बॅग.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चारही मजल्यांवरच्या सगळ्या भिंती उघडणार. आता मार्च म्हणतात. शलाकाची दोन कामं गेली. "तुमचेच लोक ना?" असं एकानं तोंडावर विचारलं म्हणे. विनयला ठेवलंय, पण सगळं पदरमोड करून नव्यानं करायचं. माझा फोन तो घेत नाही. मी तरी काय बोलणार, दोन ओळी म्हणून दाखवू?

लहानपणी कविता पाठ केली की वाटायचं, शेवटची ओळ आली की सगळं जुळणार. यमक असतंच. इथे काही जुळत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

हार्लेम. शब्द नाहीत. चालही नाही. मी एकटाच म्हणत राहिलो. शेजारच्या डच आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

नर्स म्हणाली, मार्च काही फार दूर नाही. मार्चमध्ये खुर्ची येईल, कपडे येतील, तिच्या औषधांचा डबा येईल. ती येईल का? मी बरोबर केलं, हे मला पक्कं माहीत आहे. त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

रविवार, ११ जानेवारी २०२६

सकाळी विनयचा फोटो आला. खाली एक शब्द नाही. तिसरा मजला, उघडी भिंत, पाइपाभोवती कॉलर, चारही स्क्रू जागच्या जागी. शेजारी पेन्सिलीनं श्री नाही. 'कुमुदिनी'.

हार्लेमला जाऊन तिला दाखवला. बोट फिरवत वाचलं — "कु-मु-दि-नी." पुन्हा वाचलं. "ही मुलगी कोण?"

मी फोटो मोठा करून धरला.

"हिनं कुणाचं बघून लिहिलेलं नाही," म्हणाली. "पास करा हिला."