तिसऱ्या पानावर खुणा नाहीत

६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. इंग्रजी बोलणं, ऐकणं, वाचणं यांत पास, निबंधात अर्ध्या गुणानं पुन्हा आपटले. परदेशातल्या त्या हॉस्पिटलनं माझी जागा मार्चअखेरपर्यंतच राखून ठेवली आहे, म्हणजे नऊ मार्चची परीक्षा शेवटची. बारा वर्षं नर्स म्हणून काढली, माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली कधीच निघून गेल्या. आणि खरं सांगू? आई गेल्यापासून या दोन खोल्या अंगावर येतात. मला जायचंच आहे.

तुम्ही चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंत आणि मी शिकवणीवाल्यांचे उंबरे झिजवतेय. काखेत कळसा नि गावाला वळसा. निबंध पाठवले तर तपासाल का? एक सोबत ठेवलाच आहे. तुमचं नि आईचं बिनसलं होतं, ते मी मध्ये आणणार नाही.

लोभ आहेच, त्यात आता या कामाची भर.
आपली,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

निबंध मिळाला. लाल पेनाचं एक रिफिल तुझ्या नावे खर्ची पडलं. सुरुवातीलाच ‘आजच्या विज्ञानयुगात’! त्या विज्ञानयुगाला आता माझ्यासारखं पेन्शनीत काढ. ही पाठ केलेली वाक्यं तपासणाऱ्यानं त्याच सकाळी चाळीस वेळा वाचलेली असतात. तू पेशंटच्या कागदावर ताप ‘बऱ्यापैकी’ असं लिहितेस का? आकडा लिहितेस ना? तसंच लिहायचं. एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि त्याला तू डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण.

पुढचा विषय देतो: ‘मी बोललेलं एक खोटं’. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. आणि त्यात तरी खोटं लिहू नकोस.

आईचा विषय टाळलास ते बरं केलंस. आमच्या बाबांची पुस्तकं तिनं मला न विचारता वाचनालयाला देऊन टाकली, ते अजून घशाखाली उतरत नाही.

तब्येतीला जप, आणि अक्षरालाही.
तुझा मामा

२८ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

निबंध सोबत आहे. तीन पानं झाली, वेळ मात्र चाळीस मिनिटंच लावली. मराठीत हे मला लिहिताच आलं नसतं. इंग्रजीत शब्द मोजके, त्यामुळे सरळ लिहून टाकलं. पाठवू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. तुम्ही फक्त व्याकरण बघा.

राग आला तरी लोभ कमी करू नका.
आपली,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पहिल्या दोन पानांत अकरा चुका आहेत, दुरुस्त केल्या आहेत. तिसऱ्या पानावर खुणा नाहीत. ते बिनचूक आहे असं समजू नकोस. माझ्याच्यानं पेन धरवलं नाही.

आईच्या आजारपणाची दोन पत्रं तू मला पाठवलीस आणि उत्तर आलं नाही, असं लिहिलंयस. खरं आहे. पत्रं मिळाली होती. लहानपणी बोट कापलं तरी घर डोक्यावर घेणारी ती. वाटलं, त्यातलंच असेल. तिला दिसेनासं झाल्यावर ती रोज माझं पत्र आलं का विचारायची, आणि तू सात रविवार माझ्या नावानं पत्र रचून तिला वाचून दाखवलंस, हे मला तुझ्या निबंधातून कळावं? ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आलो आणि दारातच तुझ्यावर ओरडलो, नीट कळवलं का नाहीस म्हणून. तू ऐकून घेतलंस. पोरी, मला क्षमा कर.

एकच विचारतो. त्या पत्रांत मी काय लिहायचो?

तुझा मामा

२७ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले! निबंधात हवे होते त्याहून अर्धा गुण जास्तच. विषय होता, शहरातली वाहनं कमी करावीत का. आमच्या फाटकाशी अॅम्ब्युलन्स एकोणीस मिनिटं अडकून पडली होती, तेच लिहिलं. विज्ञानयुगाला हातही लावला नाही. बारा तारखेला निघते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेच्या आधी लिहिलं असतं तर नऊ तारखेला माझ्याच्यानं पेन धरवलं नसतं. म्हणून थांबले.

पहिल्या सहा पत्रांत तुम्ही हवापाण्याचं लिहायचात. मला तुमच्याबद्दल दुसरं माहीत तरी काय होतं? सातव्यात मात्र मी धीर करून लिहिलं की पुस्तकांचा राग गेला, चूक माझीच, पुढच्या आठवड्यात येतो. आईनं ते तीनदा वाचायला लावलं. मग माझा हात धरून म्हणाली की दादा असं जन्मात लिहायचा नाही, पण तू छान लिहितेस. पहिल्या रविवारपासून तिला ठाऊक होतं, मामा.

मग म्हणाली, आता माझ्याकडून त्याला एक खरं पत्र लिही. मी कागद घेऊन बसले. तिनं मायना सांगितला, मी लिहिला. तेवढ्यात तिला दम लागला. बाकीचं उद्या सांगते म्हणाली, आणि पहाटे गेली.

तो कागद सोबत पाठवते आहे. ‘ती. दादास’ एवढंच आहे त्यावर.

आपली,
भिंगरी